किनाऱ्यावरचं माणूस

प्रिय ठमे,

तुझं पाकीट मिळालं. आत होडीचे तू काढलेले फोटो, गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि बाबांसाठी आणखी एक कोड्यांचं पुस्तक. सोबत तुझी चार ओळींची चिठ्ठी, की सोमवारी तो माणूस होडी न्यायला येईल, त्या वेळी बाबांना जरा लांब फिरायला ने, म्हणजे त्यांना ते बघायला लागणार नाही. वाचून मी चष्मा काढून ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली दोन पातेली पुन्हा धुतली. माझं डोकं तापलं की भांडी स्वच्छ होतात, हे तुला ठाऊक आहेच. फोन केला असता, पण फोनवर तू मीटिंगमध्ये असतेस आणि मला पुढचं गिळावं लागतं. पत्राला मीटिंग नसते. तेव्हा बस, आणि सगळं वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचीस, तसं करू नकोस.

आधी त्या पुस्तकाचं सांगते. याच्या आधीचं जे पाठवलं होतंस, 'मेंदूला व्यायाम', त्याच्यावर हसणारं अस्वल होतं. ज्या माणसाने जन्मभर नकाशे काढले, ज्याच्या रेषेवरून लोकांनी रस्ते आखले, त्याला तू ठिपके जोडून अस्वल काढायला दिलंस. आणि तुझे बाबा म्हणजे असे, की त्यांनी ते काढलं. डाव्या हाताने, शाईच्या पेनाने, सगळी पानं. वर एका पानावर अस्वलाच्या कानाचा ठिपका चुकीच्या जागी छापलाय म्हणून खाली बारीक अक्षरात तशी सूचना लिहिली. मी विचारलं, हा कशाला उपद्व्याप? तर म्हणाले, पोरीने प्रेमाने पाठवलंय. मला प्रेमाचं कौतुक आहे, पण प्रेमालाही थोडी अक्कल असायला हरकत नाही.

ठमे, मी वॉर्डात मेट्रन म्हणून निवृत्त झाले. झटका आलेली माणसं मी तुझ्या जन्माआधीपासून पाहिलीत. कुणाचं काय गेलं आणि काय शाबूत राहिलं, हे मला त्यांच्या पाणी पिण्यावरून कळतं. बाबांचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डोकं जागच्या जागी आहे. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पण तुला तुझ्या नवऱ्याच्या ओळखीच्या डॉक्टरांचं ऐकायचं होतं. ते डॉक्टर पोरसवदा आणि गोड बोलणारे. त्यांनी बाबांना विचारलं, हल्ली विसरायला होतं का? बाबा म्हणाले, होतं. झालं. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंत आणि त्या दिवसापासून या घरात माझ्या नवऱ्याशी सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, जणू तो विहिरीच्या तळाशी बसलाय.

आणि हे सगळं कशावरून? तर होडीवरून. घरोघरी आता एकच कहाणी झाली आहे. तुझ्या सासूबाईंनी मला ती फोनवर ऐकवली, तुझ्या आत्याने ऐकवली, परवा तर दुधवाल्यानेही विचारलं. म्हातारा होडीचं बूच लावायला विसरला आणि लेक-जावई बुडता बुडता वाचले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आता तो दिवस मी तुला पुन्हा सांगणार आहे. तू तिथे होतीस हे मला माहीत आहे. तरी ऐक.

आपली होडी म्हणजे बाबांचा संसार आहे, हे तुला मी सांगायला नको. मला तर लग्न झाल्यावर वर्षभरात समजलं की मी धाकटी आणि ती थोरली. काठावर असताना तिला मागच्या बाजूने किंचित उतरतं ठेवायचं आणि तळाचं पितळी बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी साचून लाकूड कुजत नाही. पाण्यात ढकलण्याआधी ते बूच घट्ट पिळून बसवायचं. एवढी साधी गोष्ट, आणि तळ्यावरच्या निम्म्या होड्या त्यापायीच बुडतात, कारण साधी गोष्टच माणूस विसरतो. म्हणून बाबांनी एक युक्ती केली होती. बूच काढलं की ते लाल दोरीत ओवायचं आणि ती दोरी इंजिन सुरू करायला जी मूठ ओढतात तिला बांधायची. बूच मुठीला लटकत असेल तर होडीला भोक उघडं आहे. मूठ मोकळी असेल तर बूच होडीत आहे. इंजिनाला हात घालणाऱ्याच्या हातात आधी बूच येणार. त्याला आठवण ठेवायची गरजच नाही.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर दारातच उभ्या राहायच्या. नखं, रुमाल, बटणं दाखवल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. बाबांचं तसंच. पाणी उपसायचा डबा कुठाय, वल्ही दोन्ही आहेत का, जाकिटाचे पट्टे ओढून बघ, इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटाला बांध, आभाळाकडे बघ. आणि सगळ्यात शेवटी, किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ये. कुठे जातोय, परत केव्हा येतोय. किनाऱ्यावर माणूस नसेल तर ते पाण्यात पाऊल टाकत नसत. तू फ्रॉकमधली होतीस तेव्हा तो मान तुझा होता. गळ्यात पत्र्याची शिट्टी अडकवून पायऱ्यांवर बसायचीस आणि बाबा दिसेनासे झाले की मला दर दोन मिनिटांनी विचारायचीस, आता वाजवू?

तर त्या दिवशी. तुम्ही दोघं आदल्या दिवशी आलात. जावईबुवांना होडी चालवायची हौस आली. येऊ दे, हौसेला मोल नाही. बाबांना आजारपणानंतर पहिल्यांदाच मी तळ्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं. ते होडीजवळ गेले नव्हते, ठमे. जाऊ शकतच नव्हते, मधे तो चिखलाचा उतार आहे. त्यांनी खुर्चीतून जावयांना जाकिटं घालायला सांगितलं. जावयांनी बोलणं कळलं नाही असं दाखवलं. मग मी सांगितलं. तेव्हा तुझे यजमान हसून म्हणाले, आम्ही काय समुद्र ओलांडायला चाललोय का? तू पण हसलीस. पण मी जाकिटं आणून तुमच्या अंगात घातली आणि पट्टे ओढले. सासूने जावयाच्या अंगाला हात लावू नये वगैरे मी मानत नाही, मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना एनिमा दिलेत. मग जावयांनी बाबांकडे बघून अंगठा वर केला, म्हणजे सगळं ठीक ना? बाबांनी इंजिनाच्या मुठीकडे बघितलं. मूठ मोकळी होती. त्यांनी मान हलवली, जा.

पुढचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने असं दिसलं की तुम्ही लव्हाळ्यापलीकडे गेलात, तू फोटो काढत होतीस, आणि बाबा एकदम खुर्चीत पुढे सरकले. होडी मागून खाली बसायला लागली आहे हे तुमच्या आधी त्यांना दिसलं. ओरडायला तोंड उघडलं, पण जिभेतून शब्द निघेना. मी त्यांच्याकडेच बघत राहिले, मला वाटलं दुसरा झटका. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि शिट्टी काढली. तुझी ती पत्र्याची शिट्टी. इतकी वर्षं ती त्या खिशात होती हे मलासुद्धा माहीत नव्हतं, आणि त्यांचे कपडे धुते मी. ती शिट्टी ऐकून होड्या दुरुस्त करणारा गॅरेजवाला त्याची होडी घेऊन निघाला, म्हणून तुम्ही छातीभर पाण्यात लव्हाळ्याला धरून उभे असताना सापडलात. ज्याने वाचवलं त्याचे आभार कुणी मानले ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की अंगाला टॉवेल गुंडाळलेले जावईबुवा खुर्चीसमोर उभे राहिले आणि विचारलं, बाबा, बूच तुम्हीच लावता ना नेहमी? आणि बाबांनी तुझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं आणि म्हणाले, "विसरलो."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. आजारपणाच्या आधी होडी काठावर घेतली तेव्हा बूच मुठीला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ते गेलं कुठे? बाबांना विचारलं की म्हणायचे, जाऊ दे ना. त्यानंतर त्यांनी तळ्याकडे जाणं सोडलं. तू म्हणालीस होडी विकू, ते म्हणाले बरं. तू म्हणालीस डॉक्टरांकडे जाऊ, ते म्हणाले चला. जो माणूस मी भाजीत मीठ जास्त घातलं तर तासभर वाद घालायचा, तो बरं आणि चला एवढ्यावर आला. मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसायचे आणि मला भिंतीशी लग्न लागल्यासारखं वाटायचं.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी निखळली. स्क्रू शोधायला शेडमध्ये गेले. तू होडी बुडायच्या आदल्या दिवशी शेड आवरली होतीस ना, मोठ्या उत्साहाने? छान आवरली आहेस. सगळे डबे एका उंचीचे, प्रत्येकावर तुझ्या सुरेख अक्षरात चिठ्ठी. 'खिळे'. 'ब्रश'. 'दोऱ्या'. आणि एकावर 'किरकोळ'. त्या किरकोळमध्ये, एक फुटका स्विच आणि सायकलची घंटी यांच्यामध्ये, होडीचं पितळी बूच होतं. पुसून ठेवलेलं.

मी ते मुठीत धरून तिथेच उपड्या बादलीवर बसले. तुला माहीत नव्हतं, हे मला लगेच कळलं. तुला शेडमध्ये काढून ठेवलेल्या इंजिनाला लोंबणारी ती मळकी चिंधी दिसली असणार. तू लहान असताना ते काम बाबांचं, आणि तू काठावर शिट्टी घेऊन; होडीजवळचं तू कधी पाहिलंच नाहीस. तुला नीटनेटकं आवडतं, तो माझाच वारसा. रागावायला हरकत नव्हती, पण रागावण्यासारखं काही नव्हतं. अजाणता घडलं. मी ठरवलं की घरात जाऊन बाबांना बूच दाखवायचं, म्हणजे ते सुटतील, आणि मग तुला फोन.

घरात आले तर ते झोपले होते, चष्मा तसाच छातीवर. चष्मा घरात ठेवावा म्हणून मी चष्म्याचं घर उघडलं. आत, कापडाखाली, लाल दोरी होती. गुंडाळलेली. तिची गाठ तशीच होती, बाबांची ती हट्टी गाठ. दोरी सोडवलेली नव्हती, कात्रीने कापलेली होती. आणि या घराण्यात गाठ दिसली की ती सोडवत न बसता कात्री आणणारं माणूस एकच आहे.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही आत कपडे बदलत होतात, मी चहा टाकला होता, तेव्हा ते गॅरेजवाल्याच्या खांद्याला धरून शेडपर्यंत गेले होते, हे मला आता त्याने सांगितलं. त्यांनी तुझे डबे पाहिले. केराच्या टोपलीतली दोरी पाहिली. ती उचलून खिशात घातली, कुणाच्या, विशेषतः एका माणसाच्या, नजरेला पडू नये म्हणून. बूच तिथेच राहू दिलं, कारण तो डबा एका हाताने उघडला नसावा. म्हणजे 'विसरलो' म्हणताना त्यांना फक्त शंका होती, ठमे. खात्री नंतर झाली, आणि तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

जागे झाल्यावर मी बूच आणि दोरी दोन्ही त्यांच्या पांघरुणावर ठेवली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, सिस्टरांनी माझं तोंड साबणाने धुतलं असतं. म्हटलं, तुम्हाला वेडं ठरवलं, अस्वलं काढायला लावली, होडी विकायला काढली, आणि तुम्ही मूग गिळून गप्प? त्यांनी खूप वेळ लावला, जीभ जुळवून घेतली, आणि म्हणाले, "तो आधीच तिला धांदरट म्हणत असतो. मी त्याच्या हातात आणखी एक काठी देऊ?" आणि मग, "होडी चिखलातून काढता येते गं."

आता मी कुणावर रागवायचं ते सांग. जावयावर, की त्याला होडी ढकलण्याआधी बूच बघायचं सुचलं नाही आणि माणसाबद्दल शंका घ्यायचं लगेच सुचलं? तुझ्यावर, की चारचौघांत धांदरट म्हणवून घेतेस आणि आईला सांगत नाहीस? बाप एका बैठकीत हे ओळखतो, आणि मी, जिला पाण्याच्या घोटावरून रोग कळतो, मला कळलं नाही, हे कसं? सगळ्यात जास्त मी त्यांच्यावर चिडले आहे. मला न सांगता एवढा मोठा त्याग करायचा म्हणजे काय? संसार दोघांचा, मग वेडेपणाही विचारून पत्करावा. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवाल्याला बोलावलं आणि होडी उलटी करून तळ तपासायला सांगितला. लाकूड खणखणीत आहे. तुझ्या गिऱ्हाइकालाही फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आहे. तो फार समजूतदार निघाला, किंवा माझा आवाज ऐकून झाला.

तेव्हापासून आम्ही तयारीत आहोत. ते खुर्चीतून डाव्या हाताचं बोट नाचवतात आणि मी राबते. सांधे घासून रंग दिला. जाकिटाचा एक पट्टा विरला होता तो मी दुहेरी टाक्यांनी शिवला, आणि त्यांनी तो ओढून बघितल्याशिवाय पास केला नाही. वल्ही, डबा, तेल, सगळं त्यांच्यासमोर मांडून दाखवायला लागतं. मी वॉर्डातल्या पोरींना जेवढं छळलं ते सगळं फेडून घेतायत. दोन सकाळी गॅरेजवाल्याला समोर बसवून मी इंजिन चालवायला शिकले. पहिल्या दिवशी लव्हाळ्यात घुसले. तुझे बाबा काठावर हसले. आवाज करून हसले, ठमे, किती महिन्यांनी. लाल दोरीला त्यांनी नवी गाठ मारली, डाव्या हाताने आणि दातांनी; मी मदतीला हात पुढे केला तर चापट मिळाली.

मी तुला लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांनी झाकलेलं मी उघडं केलं, कारण ते तुला खाली बघायला लागू नये म्हणून गप्प बसले आणि त्यापायी स्वतः खाली बघत राहिले. बापाने एवढी किंमत मोजल्याचं लेकीला कळूच नये, हा असला मोठेपणा मला पचत नाही. यातलं नवऱ्याला सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. बाबांना फोन करून रडू नकोस, माफी मागू नकोस. त्यांना ते झेपणार नाही आणि मला पुन्हा अख्खी दुपार पातेली घासावी लागतील. तुझ्याकडून मला दुसरंच हवं आहे. रविवारी सकाळी उन्हं अंगावर यायच्या आत आम्ही दोघं निघतो. वारा वाढला तर निघणार नाही. लव्हाळ्याला वळसा घालून पलीकडच्या जुन्या पाणवठ्यापर्यंत, तिथून काठाकाठाने परत. जाकिटं अंगात, इंजिन बंद पाडायची दोरी माझ्या मनगटाला, मूठ मोकळी आणि बूच होडीत. दुपारच्या जेवणाला घरी पोचलो की मी फोन करीन. जेवणाची वेळ टळून गेली आणि फोन वाजला नाही, तर गॅरेजवाल्याला कळव, त्याचा नंबर मागे लिहिला आहे. सगळी तयारी झाली, गं, पण आमच्याकडे किनाऱ्यावर माणूस नाही. मी कुणाला सांगू म्हणून विचारलं, तर तुझे बाबा तळ्याकडे बघत म्हणाले, पूर्वी ठमी असायची. तेवढ्यासाठी हे पत्र. त्या दिवशी मीटिंग ठेवू नकोस.

अजून रागातच असलेली,
तुझीच
आई

ता. क. शिट्टी आम्ही सोबत नेत नाही. ती या पाकिटात आहे.